गिअरला बांधलेली गाठ

आमच्या गाडीचा गिअर हल्ली निमूटपणे पडतो. पहिला मागितला की पहिला, तिसरा मागितला की तिसरा. यात सांगण्यासारखं काय, असं ज्यांना वाटेल त्यांनी ती गाडी आधी चालवलेली नाही. मधल्या काळात त्या दांडीची अशी अवस्था होती की हातात धरली की नुसती लोंबायची. वर ढकला नाहीतर खाली ओढा, गिअरबॉक्सला त्याची खबरच नसायची. आणि कधी लागलीच खबर, तर दुसऱ्याच्या जागी चौथा पडून गाडी चौकात बंद, मागे टेम्पोवाल्याचा हॉर्न आणि माझं डोकं फिरलेलं. माझं डोकं तसं लवकर फिरतं. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. सुटा भाग हातात आला की त्यातली चूक शोधायची, हेच इतकी वर्षं काम. ती सवय घरी आल्यावरही सुटत नाही.

गाडी आईची. जुनी, पांढरी, गोल पाठीची अँबॅसिडर. तिची गिअरची दांडी पायाशी नाही, स्टिअरिंगच्या मानेतून डावीकडे बाहेर आलेली आहे. आजच्या पोरांना ती वायपरची वाटते. उजवा हात चाकावर ठेवायचा आणि डाव्या हातानं ती दांडी वर-खाली, आत-बाहेर करायची. म्हणजे या गाडीत सगळी कसरत डाव्या हाताची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या डाव्या हाताचंच आहे.

आई नर्स होती. दवाखाना नगरात, पण तिचं काम जिल्ह्यातल्या कर्जतकडच्या वाड्यावस्त्यांवर. लसी टोचायच्या, जखमा शिवायच्या, अडलेल्या बायकांना दवाखान्यात आणायचं. ड्रायव्हर दारू पिऊन यायचा म्हणून एके दिवशी तिनं त्याला खाली उतरवलं आणि स्वतः चालवायला शिकली. पुढे दवाखान्यानं जीप घेतली, तेव्हा ही गाडी आमच्या अंगणात कडुनिंबाखाली आली ती आलीच. वडील मी शाळेत असतानाच गेले. घरात आम्ही दोघी आणि तिसरी ही. रविवारी चर्चला जाताना आई साडीचा पदर खोचून हिच्यात बसायची, तेव्हा शेजारचे लोक आपापल्या स्कूटरी आधी बाजूला घ्यायचे.

गेल्या नाताळाच्या आधी आई दारावर चांदणी टांगायची म्हणून उठली आणि तिचा डावा हात गळाला. आमच्याकडे म्हणतात तसं डाव्या अंगावरून वारं गेलं. देवाची कृपा, जीभ वाचली, पायही काठीच्या आधारानं चालता झाला. हात मात्र तसाच राहिला. डॉक्टरांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, ‘‘हातात अजून ताकद आहे. त्या वापरतच नाहीत. असाच पडून राहिला तर मात्र कायमचा जाईल. त्यांच्या आवडीचं काहीतरी करायला लावा.’’

आवडीचं म्हणजे काय? दाबायला रबराचा चेंडू आणला. ‘‘मी काय कुत्रं हाय का, चेंडू खेळायला?’’ म्हणून तिनं तो शेजारच्या घरी पाठवून दिला. लसूण सोलायला दिला. तो तिनं उजव्या हातानं आणि दातांनी सोलला आणि पाकळ्या माझ्यापुढे ठेवून जिंकल्यासारखी बघत बसली. डावा हात ती पदराखाली ठेवायची. कुणी घरी आलं की पदर आणखी ओढून घ्यायची. आयुष्यभर दुसऱ्यांचे हात-पाय उघडे करून तपासलेली बाई, पण स्वतःचा हात कुणाला दिसू द्यायला तयार नव्हती. मला त्याचा राग यायचा आणि रात्री स्वयंपाकघर आवरताना रडूही यायचं.

आमच्या घरासमोरचा रस्ता चढाचा आहे. एका संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसलो होतो आणि उसाचा एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या लावलेला, तो चढ चढत होता. इंजिन दमलं, धापा टाकायला लागलं. ‘‘आरं, खालचा टाक की बाबा,’’ आई पुटपुटली, आणि तिच्या पदराखाली काहीतरी हललं. मी बघत राहिले. ट्रॅक्टरवाल्यानं गिअर बदलला, इंजिन मोकळं झालं, पदर पुन्हा स्थिर झाला. आईला काही कळलं नव्हतं. मला मात्र कळलं. तिनं न सांगता, तिला न विचारता तो हात चढावर गिअर बदलायला निघाला होता.

त्या रविवारी चर्चमधून आल्यावर मी तिला तशीच गाडीत बसवली. गाडी जागेवरच, इंजिन बंद. ‘‘कुठं न्यायची हाय?’’ तिनं विचारलं. ‘‘कुठं नाही. नुसते गिअर टाक,’’ मी म्हणाले. तिनं उजवा हात चाकावर ठेवला. डावा मी उचलून दांडीवर ठेवला, बोटं तिच्याभोवती मिटवली. आणि दांडी नेहमीसारखी लुळी पडली; ती बिघडलीय हे मी उत्साहात विसरलेच होते. दांडीबरोबर हातही सरळ मांडीवर येऊन आपटला.

आईनं दांडीकडे पाहिलं. ‘‘बघ,’’ ती म्हणाली, ‘‘हिच्याबी अंगावरनं वारं गेलंय.’’

आम्ही दोघी हसलो. मग हसायचं थांबलो. तिनं हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, ‘‘चल घरात.’’

दुसऱ्याच दिवशी मी चाचांना बोलावलं. चाचा म्हणजे आमच्या गाडीचे जुने मिस्त्री. हल्ली त्यांचा मुलगा गॅरेज बघतो, ते फक्त आवडीच्या गाड्यांना हात लावतात. ‘‘सलाम, सिस्टर,’’ म्हणत ते आत आले. आईनं ओसरीवरून उजव्या हातानं सलाम केला आणि पदर सारखा केला. चाचांनी बॉनेट उघडलं, दांडी मला हलवायला सांगितली आणि आत वाकून ऐकल्यासारखं बघत राहिले.

‘‘ताई, दांडी चांगली हाय. गिअरबॉक्सबी चांगला हाय,’’ ते म्हणाले. ‘‘मधी ह्या सळ्या हायेत. एक सळई दुसरीला जिथं जोडल्याली, तिथलं बुश, म्हंजी मधलं नळकांडं, गेलंय. तुमचा हात चालतो, पन निरोप खाली पोचत न्हाई.’’

मी टॉर्च धरला. स्टिअरिंगच्या दांड्याच्या तळाशी, काळ्या ग्रीसच्या थरात, एका सळईचं टोक दुसऱ्या पट्टीच्या भोकात अडकवलेलं होतं. चाचांनी चिंधीनं ग्रीस पुसलं आणि थांबले. त्या सांध्यात धातूचं बुश नव्हतंच. सळईच्या टोकावर लाल रबरी नळीचा एक तुकडा मोज्यासारखा चढवलेला होता, वाळून तडकलेला. आणि तो जागचा हलू नये म्हणून त्याच्यावर काळा रेशमी दोरा वेढे वेढे घालून बांधलेला होता.

‘‘हे माझं काम न्हाई,’’ चाचा म्हणाले. ‘‘नगरात असं कोन करतं?’’

कोण करतं ते मी ओळखलं होतं. लहानपणी मी पायरीवरून पडले होते, तेव्हा माझ्या हनुवटीवर आईनं याच दोऱ्याचे टाके घातले होते. आरशासमोर उभी राहून मी ती गाठ कितीदा पाहिली होती. पहिल्या वेढ्यात दोरा दोनदा फिरवलेला, मग वरून साधा वेढा, टोकं अगदी बरोबरीनं कापलेली. तीच गाठ इथे, इंजिनाच्या काळोखात, ग्रीसमध्ये बुडून बसली होती. रबराचा भुगा होत आला होता, पण गाठ जिथली तिथे होती. चाचांनी पेचकसाच्या टोकानं ती सोडवायचा प्रयत्न केला. ती सुटेना. शेवटी कापावी लागली.

मी तो तुकडा तळहातावर घेऊन ओसरीवर गेले. आईनं चष्मा लावून पाहिला.

‘‘गेली व्हय?’’ ती म्हणाली. ‘‘लई दिवस टिकली म्हनायची.’’

मग तिनं जे सांगितलं ते तिच्या दृष्टीनं काहीच नव्हतं. कर्जतकडच्या एका वस्तीवरून ती एका अडलेल्या बाईला घेऊन येत होती. रस्ता कच्चा, गाडी आपटत होती, आणि मध्येच बुश फुटून दांडी सुटली. आसपास माणूस नाही. मागच्या सीटवर ती बाई ओरडतेय, तिची सासू देवाला नवस बोलतेय. ‘‘मी म्हनलं, बाई, जरा दम काढ. आधी हिची सुटका करते, मग तुझी.’’ पिशवीतली लाल नळी कापली, टाक्यांचा दोरा घेतला आणि गाडीखाली सरपटत जाऊन सांधा बांधला. गिअर पडला. बाळ दवाखान्याच्या दारात आलं. त्यानंतर नळी कडक झाली की आई पावसाळ्याआधी आपली आपणच ती बदलायची. पुढे दवाखान्यातल्या लाल नळ्या गेल्या, सगळं प्लॅस्टिकचं वापरा नि फेका आलं, म्हणून शेवटची तशीच राहिली.

‘‘मला कधी सांगितलं नाहीस?’’

‘‘त्यात काय सांगायचं? गिअर पडत हुता की.’’

मी पुन्हा गाडीपाशी गेले. सळई ज्या पट्टीत अडकत होती ती चाचांनी सोडवून ठेवली होती; ती हातात घेऊन तिचं भोक मी बोटानं चाचपलं. करताना ते गोल केलेलं असणार. आता ते लांबट झालं होतं, एका बाजूनं जास्त खाल्लेलं. असा भाग माझ्या टेबलावर आला असता तर मी तो बघताक्षणी बाद केला असता. पण मला तो खाली ठेववेना. पोलाद झिजायला काय लागतं ते मला ठाऊक आहे. इथे ते एका बाईच्या डाव्या हातानं झिजलं होतं, तो हात फक्त वर-खाली होत राहिला म्हणून. प्रत्येक चढ, प्रत्येक ओढा, प्रत्येक बाळंतीण त्या भोकातून गेली होती. त्या गाडीच्या मागच्या सीटवर मी झोपून वाढले. आपल्याला कोण कशाच्या आधारानं घरी आणतंय याची मला कधी कल्पनाही नव्हती. मी देवळात-चर्चमध्ये पटकन भारावून जाणारी बाई नाही. पण त्या दिवशी कडुनिंबाखाली, बोटं काळी करून, मी कितीतरी वेळ नुसती उभी राहिले.

भारावले खरी, पण माझी जात तपासणी विभागाची. रबराची नळी म्हणजे वेळ मारून नेण्याचा प्रकार, आता काम पक्कं करायचं, असं मी ठरवलं. लांबट झालेलं भोक मोठं करून पुन्हा गोल करून घेतलं आणि त्यात बसेल असं बुश आमच्या टूलरूममध्ये गनमेटल या टणक मिश्रधातूचं करवून घेतलं. मी ते स्वतः मोजलं, परत मोजलं. केसाचाही फरक नव्हता. चाचांनी ते बसवलं आणि दांडी हलवून बघितली. ‘‘वा! कोऱ्या गाडीवानी झालं,’’ ते म्हणाले, पण लगेच आपलं मनगट चोळायला लागले. माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी आईला आणायला पळाले होते.

आई बसली. हात मी दांडीवर ठेवला. या वेळी दांडी लुळी पडली नाही, ताठ उभी राहिली. आईनं ओठ दाबले. तिच्या मनगटाची शीर हलताना मला दिसली, बोटांची नखं पांढरी पडली. दांडी हलली नाही. तिनं पुन्हा जोर लावला. मग बोटं एकेक करून सुटली.

‘‘आई, अगदी मापात आहे ते,’’ मी म्हणाले.

‘‘मापात आसंल. माझ्या हाताला दाद देत न्हाई.’’

‘‘अजून एकदा कर ना.’’

‘‘लोखंडात लोखंड ठोकलंस. मधी मऊ काय हाय का? बाळाला टोपडं घालताना तरी आत मलमल घालत्यात.’’

माझं डोकं फिरलं. एवढी खटपट केली ती हिच्यासाठी आणि ही माझ्या बुशात दोष काढतेय! ‘‘मग ठेव तो हात पदरातच गुंडाळून,’’ असं मी बोलून गेले. ती काठी टेकत घरात गेली. चाचांनी अवजारं गोळा केली आणि सलाम न करताच निघून गेले. पुढचे काही दिवस आमच्या घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. डॉक्टरांचं ‘कायमचा जाईल’ मला कारखान्यात मोजमाप घेतानाही ऐकू यायचं.

मग एका सकाळी चहाला उठले तर स्वयंपाकघराच्या टेबलावर तिचं पाऱ्याचं बीपीचं यंत्र उघडं पडलेलं. या यंत्राला ती कुणाला हात लावू द्यायची नाही. त्याची काळी रबरी नळी कापलेली होती. कड वाकडीतिकडी, चावल्यासारखी. एका हातानं कापली म्हणजे अशीच कापली जाणार. शेजारी बिस्किटाचा जुना डबा आणि त्यात टाक्यांच्या काळ्या दोऱ्याचं रीळ.

‘‘चाचाला बोलीव,’’ आई म्हणाली. ‘‘आन सळई काढून हितं आनायला सांग. मला वाकता येत न्हाई.’’

‘‘यंत्र का कापलंस?’’

‘‘आता ते आकड्याचं मशीन आनलंस न्हवं तू. ह्याच्यात पारा ऱ्हायला, तेवढा जपून काढ.’’

चाचा आले. माझं गनमेटलचं बुश त्यांनी काढून माझ्या हातात दिलं, मी ते मुकाट्यानं पर्समध्ये टाकलं. सळई सोडवून त्यांनी ओसरीवर आणली. आईनं मांडीवर जुनी चादर पसरून घेतली आणि सळई तिच्यावर आडवी ठेवायला लावली. नळीचा तुकडा साबणाच्या पाण्यातून काढून सळईच्या टोकावर चढवायचा हे तिनं सांगितलं, ते आम्ही केलं. आता बांधायचं.

चाचांनी बारीक तार घेतली. ‘‘तार न्हाई. तार रबर कापती,’’ आई म्हणाली. मग दोरा मी घेतला. वेढे घातले, जोर लावून गाठ मारली. आईनं चष्म्यावरून बघितलं, बोटानं टिचकी मारली आणि माझी गाठ घसरून बाजूला गेली.

‘‘ही पोत्याची गाठ झाली. पयल्या येढ्यात दोनदा फिरव, म्हंजे सुटत न्हाई.’’

मी दोनदा फिरवलं. दुसरा वेढा घालेपर्यंत पहिला ढिला झाला. पुन्हा केलं, पुन्हा ढिला. माझ्या तोंडातून काहीतरी निघणार होतं, चाचांकडे बघून मी ते गिळलं.

‘‘सर. दे हिकडं,’’ आई म्हणाली.

तिनं उजव्या हातानं दोरा घेतला. तिच्या हातात तो वेगळाच चालायला लागला. वेढ्याला वेढा खेटून बसत होता, मध्ये फट नाही. एकेक वेढा ती अंगठ्यानं दाबून पुढे सरकत होती. ती आता ओसरीवर नव्हतीच, कुठल्यातरी आडरानात मागून येणारं ओरडणं ऐकत बसली होती. गाठीपाशी आली आणि थांबली. गाठीला दोन टोकं असतात.

‘‘ह्ये धर,’’ तिनं एक टोक माझ्यापुढे केलं. मी धरलं.

‘‘वढू नको. नुसतं धर.’’

‘‘धरलंय.’’

‘‘वढतीस तू. तुला धरायचं म्हनलं की तू वढतीस.’’ तिनं माझ्या हातातून टोक काढून घेतलं. क्षणभर दोरा उजव्या बोटांतच लोंबत राहिला. चाचा पायाशी उकिडवे बसले होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होणार तेवढ्यात त्यांनी बोट उचलून मला गप्प केलं.

आईचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. ती गाठीकडे बघत होती. पदर हलला. पदराखालून तो हात बाहेर आला, सकाळच्या उजेडात, फिकट, थोडा सुजलेला, किती महिन्यांनी आपण होऊन. चादरीवरून घासत घासत तो सळईपर्यंत गेला. अंगठा आणि पहिलं बोट उघडलं. त्यांच्यात दोऱ्याचं टोक आलं आणि ती दोन बोटं मिटली. थरथरत होती, पण मिटलेली राहिली. उजव्या हातानं दोरा दोनदा फिरवला, आतून काढला. डाव्यानं ओढलं नाही, नुसतं धरलं. पहिला वेढा बसला. मग वरचा साधा. गाठ आवळली गेली तेव्हा बारीक कर्र असा आवाज झाला, तो आम्हा तिघांना ऐकू आला.

उजव्या अंगठ्यानं गाठ दाबून धरत आईनं डावा हात सोडवला आणि तळवा वर करून माझ्याकडे पुढे केला. वर बघितलंसुद्धा नाही.

‘‘कात्री,’’ ती म्हणाली.

मी कात्री त्या हातात ठेवली.